वस्तीचा आवाज

कवितेने समाज सुधारतो, या विधानावर माझा विश्वास यथातथाच. मंडपात टाळ्या घेणारे शब्द श्रोत्यांना बाहेर आपापल्या चपला सापडेपर्यंतसुद्धा टिकत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तरीही एमेट कर्वन या आयरिश नटाचा ‘हार्टब्रेक’ हा २०१७ सालचा लघुपट पाहताना माझा हा संशय क्षणभर निरुत्तर झाला, हे कबूल केले पाहिजे.

कर्वन हा डब्लिनच्या नैर्ऋत्येकडील टाला या उपनगरातला, आणि त्याची वाणीही तिथलीच. शब्द अर्धवट गिळणारी, यमकावर यमक चढवीत धावणारी ती बोली नाटकातल्या सुसंस्कृत आयरिश संवादांच्या पंक्तीला बसणारी नव्हे. डेव्ह टायनन या दिग्दर्शकाबरोबर त्याने २०१२ साली, आर्थिक मंदीने तरुणांना परदेशाची वाट दाखवली त्या काळात, ‘जस्ट सेइंग’ हा लघुपट केला होता. त्यात देश सोडावा की राहावे, या विवंचनेत एक तरुण स्वतःशीच बोलत डब्लिनच्या रस्त्यांवरून चालतो. ‘हार्टब्रेक’मध्ये मात्र कथा एका मुलीची आहे. तिला विशेषनाम नाही. डब्लिनकर रस्त्यात कोणत्याही पोरीला जे म्हणतात तेच, ‘यंगवन’. शाळकरी वयात तिला दिवस जातात, मुलगा होतो, आणि लोकांच्या नजरा झेलीत ती त्याला वाढवते. हे सारे कर्वन पद्यात बोलतो, आणि तेही थेट आपल्या डोळ्यांत पाहून. स्त्रीची कैफियत पुरुषाने का मांडावी, ही हरकत मला अद्याप पुरती निकालात काढता आलेली नाही. तो तिचे वकीलपत्र घेत नाही, शेजारच्या घरातल्या साक्षीदारासारखा बोलतो, एवढेच मी त्याच्या बाजूने म्हणेन.

ही ‘यंगवन’ ज्या देशात आई होते, त्या आयर्लंडने गर्भाला मातेइतकाच जगण्याचा हक्क देणारी आठवी घटनादुरुस्ती १९८३ साली मंजूर केली होती. त्या कलमाचा अर्थ आपल्याकडे कळला तो बेळगावच्या एका घरावर आघात झाला तेव्हा. सविता हलप्पनवार, वय ३१, व्यवसायाने दंतवैद्य. गर्भ सतरा आठवड्यांचा, गर्भपात अटळ, पण गर्भाचे हृदय चालू आहे म्हणून तो काढून टाकण्याची तिची विनंती अमान्य झाली आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे येथे जंतुदोषाने तिचा अंत झाला.

२५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. कर्वनच्या पद्याने त्यातली किती मते वळवली, याचा हिशेब कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत बसणारा नाही, आणि तो मांडण्याचा हव्यासही नसावा. मला आठवते ती डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातली एक भिंत. तिच्यावर सविताचा हसरा चेहरा रंगवला होता, आणि त्या दिवसांत ओळखदेख नसलेली माणसे येऊन त्याभोवती हाताने लिहिलेल्या छोट्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवून जात होती. कित्येकींवर केवळ क्षमायाचना होती. त्या चिठ्ठ्या पुढे शहराच्या ग्रंथालयाच्या दप्तरी दाखल झाल्या.