कोणत्या सदराखाली?

पन्नाशी उलटलेल्या मनुष्याने नवी विद्या आरंभू नये, असा एक समज आमच्या व्यवसायात फार लोकप्रिय आहे. जन्मभर दुसऱ्यांस शिकविल्यामुळे आपले स्वतःचे शिकणे केव्हाच पुरे झाले, अशी प्राध्यापकाची प्रामाणिक समजूत असते. आमचीही होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मोडली. आणि ती मोडण्याचे श्रेय शेक्सपिअरच्या एखाद्या नव्या भाष्यकारास नसून संगणकावर जमाखर्च ठेवणाऱ्या ‘टॅली’स आहे.

प्रसंग असा झाला. कोल्हापुरात चप्पल लाईनीत आमच्या वडिलांचे लहानसे दुकान आहे. वडिलांच्या मागे ते आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, चालविले. दादा दोन वर्षांपूर्वी गेले. पुतण्या कारागिरांकडून माल आणण्यात आणि गिऱ्हाइकास तो पटविण्यात मोठा तरबेज. परंतु वहीचे नाव निघाले की त्याच्या कपाळास आठ्या पडत. २०१७ च्या १ जुलैस वस्तू व सेवा कर आला, तरी दादांनी हाताने कीर्द लिहिण्याचे सोडले नव्हते. ते गेल्यावर ती कीर्द पुढे कोणी न्यावी हा प्रश्न पडला. “काका, तुम्ही एवढे शिकलेले. तुम्हीच बघा की,” असे पुतण्या म्हणाला. एवढे शिकलेल्या मनुष्यास यावर नाही म्हणणे जड जाते.

आम्ही राजारामपुरीतील एका वर्गात नाव घातले. शिकविणारा तरुण आमचाच जुना विद्यार्थी निघाला. आवश्यक इंग्रजीत आम्ही त्यास दोन वेळा अनुत्तीर्ण केले होते. ही गोष्ट तो विसरला नसावा. परंतु त्याने सूड मुळीच उगविला नाही. “सर, आधी नीट वाचा, मग बोट लावा,” एवढेच तो आम्हांस रोज बजावी. आणि हे वाक्य थोड्या निराळ्या रूपात आमच्याच वर्गातून गेलेले आहे, अशी आम्हांस दाट शंका आहे.

या विद्येचा वंश मोठा जुना आहे. व्हेनिसचे व्यापारी पुष्कळ दिवस पाळीत आलेली द्विनोंदीची पद्धत लुका पाचोली नामक एका ख्रिस्ती संन्याशाने १४९४ साली आपल्या गणितावरील ग्रंथात सविस्तर मांडली. जितके नावे, तितके जमा. घेणारा आहे तेथे देणारा असलाच पाहिजे, हे तिचे सारे तत्त्वज्ञान. ‘टॅली’चा जन्म मात्र घरचाच. श्यामसुंदर गोएंका या व्यापाऱ्यास आपल्या धंद्याचा जमाखर्च ठेवण्यास मनाजोगे साधन मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत यांनी ते स्वतःच रचले, आणि १९८६ साली बंगळूर येथे बापलेकांची ही पेढी उभी राहिली. म्हणजे तेही मूळ एका मुलाने बापाच्या हिशेबात घातलेले लक्षच होय.

प्रारंभीचे धडे आम्ही सहज गिळले. अडचण पुढे आली. या व्यवस्थेत कोणतेही नवे खाते उघडावयाचे म्हटले, की ती प्रथम नाव विचारते आणि लगेच दुसरा प्रश्न टाकते: हे कोणत्या सदराखाली? अशी अठ्ठावीस सदरे तिने आधीच आखून ठेविलेली आहेत. त्यांत पंधरा मुख्य, तेरा पोटांतली. शिवणयंत्र स्थिर मालमत्तेत जाते. त्यात ओवलेला दोरा खर्चात. कारागिरास दिलेली उचल, चपला हाती येईपर्यंत, आपले येणे. सदर चुकले तरी बेरीज बरोबरच येते. परंतु नफ्याचे चित्र खोटे पडते. पुढे पुढे तर असे दिसून आले, की आपली वही आपल्यापुरती खरी असूनही भागत नाही. आपणांस माल देणाऱ्याने आपले विवरण वेळेवर भरले की नाही, हे दरमहा चौदा तारखेस तयार होणाऱ्या ‘टू-बी’ नामक पत्रकाशी ताडून पाहावे लागते. त्याने भरले नसेल, तर आपण खरोखर मोजलेल्या कराची वजावट आपणांस तूर्त मिळत नाही.

घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव गाळले म्हणजे काय होते, हे आमच्या धंद्याने नुकतेच पाहिले आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरी प्राडा या पेढीने तोच घाट आपल्या प्रदर्शनात मिरविला, आणि इकडे ओरड झाल्यावर त्याचे मूळ मान्य केले. पाचोलीच्या देशात नोंद अशी एकेरी व्हावी, याचा आम्हांस फार राग आला होता. तो राग आम्ही मोठ्या आवाजात बोलूनही दाखविला होता.

वर्ग संपल्यावर आम्ही दादांची शेवटची वही पुढे घेऊन तीतील शिलका संगणकावर चढविण्यास बसलो. वहीचे पहिलेच पान आमच्या नावाचे होते. मागील शिलक, येणे, रुपये १४,३५०. कुतूहलाने माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. १९८८ ते १९९३ या वर्षांतील मूळ नोंदी सापडल्या: पुण्याची खानावळ, परीक्षेची फी, एस. टी. भाडे, एक शब्दकोश. त्यानंतर एकही नवी नोंद नाही. केवळ तीच रक्कम वर्षानुवर्षे पुढच्या वहीत ओढलेली. आम्ही शिष्यवृत्तीवर शिकलो, असे आजवर कितीतरी समारंभांतून सांगत आलो आहोत. ते खोटे नाही. अपुरे आहे. आम्ही ते पान उलटले. ही घरातली बाब, दुकानाच्या ताळेबंदात तिचे काय काम, अशी मनाची समजूत घालून बाकीची सर्व खाती चढविली.

सायंकाळी ताळेबंद उघडला, तो खाली एक ओळ आपोआप उमटलेली: ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’, रुपये १४,३५०.

शिक्षकास दूरध्वनी केला. त्याने विचारले, “सर, एक येणं राहिलं असेल. कोणाचं?” आम्ही म्हटले, “एका प्राध्यापकाचे.” “किती दिवसांचं?” त्या व्यवस्थेत थकलेली येणी तीस, साठ, नव्वद अशा दिवसांच्या रकान्यांत मांडता येतात. आम्ही मनाशी हिशेब केला. सुमारे बारा हजार दिवस भरले. “मग बुडीत टाका, सर. प्राध्यापक आता काय देणार!” तो हसत म्हणाला. आम्हीही हसलो, आणि धनादेशपुस्तक घेऊन दादांच्या घरी गेलो.

वहिनींनी धनादेशाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, “भाऊजी, दरसाल गुढीपाडव्याला नव्या वहीत पहिलं नाव तुमचंच मांडायचे ते. मी एकदा म्हटलं, आता कशाला हे येणं ओढत बसताय? तर म्हणाले, येणं नाही गं ते. पोरगं दुकानात बसलं नाही; वहीत तरी असू दे.”

आम्ही परत येऊन संगणकापुढे बसलो. खाते उघडले, नाव घातले; आणि तो नेहमीचा प्रश्न समोर आला. उधारीची गिऱ्हाइके? ते आम्ही नव्हतो. मालकाची उचल? तिने भांडवल कमी होते, आणि दादांनी तसे कधी मानले नाही. अठ्ठावीसही सदरे पुन्हा वाचली. शेवटी ‘लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेस’ येथे बोट टेकले. फरकाची ओळ नाहीशी झाली. सदर बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. बेरीज जुळली, इतकेच.

आता १ एप्रिल आला, की ती शिलक कोणाचाही हात न लागता आपोआप पुढे जाते. पुतण्याचा जमाखर्च आम्ही दर रविवारी दुकानात बसून लिहितो. परंतु त्यांच्या वहीत आमचे नाव येणे म्हणून असेल, तर आमच्या वहीत दादांचे नाव देणे म्हणून असावयास हवे, हा या विद्येचा पहिला धडा. आणि आम्ही तर जन्मात वही ठेविली नव्हती. यंदाच्या पाडव्यास एक लाल वही विकत आणली. तीत अद्यापि एकच खाते आहे.