चीट कोड मारावा का?

हॉस्टेलवर न संपणारा वाद: एकट्याने खेळायच्या गेममध्ये चीट कोड मारला की मजा जाते का?

१९८६ साली 'ग्रेडियस' घरच्या मशीनवर आणताना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोटोंना टेस्टिंगसाठी तो फारच अवघड गेला, म्हणून त्यांनी कोड घातला. म्हणजे चीट ही मुळात इंजिनिअरचीच सोय!

'व्हाइस सिटी'त (२००२) 'पँझर' टाइप केलं की रणगाडा हजर. केटी लागलेला माझा रूममेट रात्री तोच फिरवतो. दिवसभर हरलेल्याने तासभर जिंकलं तर बिघडलं कुठे? मी मात्र मिशन बिनाकोडचंच खेळतो. हरायची भीतीच गेली, तर जिंकण्यात उरलं काय?

गेममध्ये फसतो तो आपणच, तेही राजीखुशीने. सबमिशनची फाईल छापताना मात्र लक्षात ठेवा मित्रांनो, तो रणगाडा पुढे नोकरीत चालत नाही!