संजीवनीच्या गावातील एक सायंकाळ

गोदाकाठचे कोपरगाव बहुतेक प्रवाशांच्या लेखी शिर्डीच्या वाटेवरचे एक गाव एवढेच असते. परंतु येथील बेटात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कचाने संजीवनी विद्या येथेच मिळविली, तीही गुरूच्या उदरात राहून, अशी श्रद्धा आहे. परिसर उसाचा, तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्यानेही ‘संजीवनी’ हेच नाव घेतले.

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांची संजीवनीही उदरातलीच. त्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन जवळजवळ तयार होत नाही. गोड खाल्ल्याने हा विकार जडत नाही. तरी लग्नकार्यात आईला तो प्रश्न विचारला जातोच. 1922 मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, तोवर अशी मुले फार काळ जगत नसत. पुढे अनेक दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. 1982 मध्ये जीवाणूंकरवी बनविलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि जैन घरांतील एक मोठा सल कमी झाला.

मांगीतुंगीच्या यात्रेस निघालेले एक कुटुंब नगर-मनमाड रस्त्यावर, कोपरगावाजवळ जेवावयास थांबले. आजींचा चौविहार, बारा वर्षांच्या नातीनेही हौसेने तो घेतलेला. सूर्य कलू लागला होता. हॉटेलात ‘जैन भाजी’ म्हणजे कांद्याऐवजी काजू, मगज, साय आणि चिमूटभराहून अधिक साखर. अशा स्निग्ध जेवणाने रक्तशर्करा उशिरा, कधी मध्यरात्री चढते. म्हणून आईने पिठले-भाकरी मागविली. भाकरीचा हिशेब तरी करता येतो. मागणी दिल्याबरोबर इन्सुलिन टोचण्याची घाई तिने केली नाही. हॉटेलातील ताट केव्हा येईल याचा भरवसा नसतो. टोचलेले औषध मात्र कोणासाठी थांबत नाही. ताट समोर आल्यावरच दोन भाकरींच्या हिशेबाने मात्रा दिली.

सूर्यास्तापूर्वी उरकण्याच्या गडबडीत मुलीने दीडच भाकरी खाल्ली. ते कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे बेटातील मंदिरापर्यंत चालणे झाले. चालण्यानेही साखर उतरते. दर्शन होईतो अंधारले. मुलीचे हात थरथरू लागले, कपाळ घामाने भिजले. ग्लुकोमीटरने 62 दाखविले. 70 च्या खाली थांबायचे नसते. वडिलांनी 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालविले, तशी ती मागे सरली.

“आजी, चौविहार मोडेल ना?”

आईवडिलांनी आजींकडे पाहिले. चाळीस वर्षांत त्यांनी रात्री पाणी घेतले नव्हते.

“बाळ, पच्चक्खाण देताना आगारही सांगतात. सव्वसमाहिवत्तियागार कशासाठी असतो? दुखण्यात औषध घेता यावे म्हणूनच. हे तुझे औषध आहे. पी आधी, मग बोल.”

पेला त्यांनीच तिच्या ओठांना लावला. पंधरा मिनिटांनी आकडा 91 झाला. मग आईने पिशवीतली दोन बिस्किटे काढली. रात्री साखर पुन्हा उतरू नये म्हणून तीही औषधातच धरली गेली. झोपण्यापूर्वी व पहाटे तीनला पुन्हा तपासायचे ठरले.

आजींनी स्वतः मात्र त्या रात्री पाण्याचा थेंबही घेतला नाही. गाडी येवल्याच्या दिशेने निघाली, तेव्हा ग्लुकोजचा डबा त्यांच्या मांडीवर होता.