लालबागच्या टायर बाजारात ‘पहले आप’

लालबाग म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मुंबईचा गणपती उभा राहतो. दर्शनाची न संपणारी रांग आठवते आणि मिरची-मसाला कुटणाऱ्या डंकांचा खमंग वास नाकात शिरतो. पण लखनौमध्येही एक लालबाग आहे. तिथे ना ती रांग, ना तो मसाला. तिथे वास येतो नव्या रबराचा आणि कानावर पडतो हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाज. लखनौकरांना गाडीसाठी काही हवं असलं, मग ते सीट कव्हर असो, दिवे असोत, रिम असो की टायर, त्यांची पावलं आपोआप या लालबागकडे वळतात.

लखनौला येणारे प्रवासी इमामबाडा पाहतात, भूलभुलैयात हरवतात, चौकात चिकनचे कुर्ते घेतात आणि अमीनाबादची कुल्फी खाऊन परत जातात. हजरतगंजच्या मागचं लालबाग कुणाच्या यादीत नसतं. पण स्वतःची गाडी घेऊन दूरचा प्रवास करणाऱ्या कुटुंबाने या बाजारात एक फेरी जरूर मारावी. खरेदीसाठी नव्हे, तर गाडीला मोठं चाक बसवण्याची हौस कुठे शोभते आणि कुठे अंगाशी येते, हे समजून घेण्यासाठी!

भातखंड्यांचा शेजार

लालबागला लागूनच कैसरबाग आहे. अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याने उभारलेल्या या परिसरातल्या परीखान्यात आज संगीताचं विद्यापीठ आहे आणि ते एका मराठी माणसाच्या नावाने ओळखलं जातं. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये लखनौत संगीताचं कॉलेज सुरू झालं. त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. श्रीकृष्ण रातंजनकरांनी पुढे अनेक वर्षं त्याचं प्राचार्यपद सांभाळलं. 1966 मध्ये कॉलेजला भातखंड्यांचं नाव मिळालं. त्यामुळे लखनौला आलेला संगीतप्रेमी मराठी प्रवासी कैसरबागेत जातोच. तिथून लालबाग हाकेच्या अंतरावर आहे.

मोठ्या चाकाची हौस कशासाठी?

लखनौत उंच, दणकट गाड्यांना भारी मान आहे. राजधानीचं शहर, त्यामुळे गाडीवरून माणसाची पत जोखण्याची सवय इथे जुनी. चाक जितकं मोठं, तितका गाडीचा रुबाब वाढतो, असा समज आहे.

पण हौसेला गरजेचीही जोड असते. लखनौहून उत्तरेला निघालं की लखीमपूर खीरी जिल्ह्यातलं दुधवा राष्ट्रीय उद्यान लागतं. हा सगळा तराईचा सखल, पाणथळ मुलूख. शारदा आणि घाघरा या नद्या पावसाळ्यात फुगतात आणि गावाकडचे रस्ते चिखलात जातात. काही मंडळी गाडी घेऊन कुमाऊंच्या डोंगरात नैनितालकडे निघतात. गाडीचं पोट जमिनीपासून थोडं उंच असावं, टायरची पकड चांगली असावी, असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नाही.

मग बाजारात एक ठरलेलं दृश्य दिसतं. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, ‘‘एक नंबर मोठा टायर बसवू या.’’ वडील साशंक असतात, ‘‘कुठे घासणार तर नाही ना?’’ मिस्त्री लखनवी अदबीने मान हलवतो, ‘‘बैठ जाएगा, जनाब.’’ टायर बसतोही. रिकामी गाडी गल्लीत एक चक्कर मारून येते. कुठेही आवाज नाही. सगळे खूश!

दोन दिवसांनी त्याच गाडीत आई, वडील, दोन मुलं, आजी, चार बॅगा आणि मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी बसते. वजनाने गाडी मागून दबते. पहिलाच गतिरोधक येतो आणि मागच्या चाकातून ‘खर्रर्र’ असा आवाज निघतो. आजी विचारते, ‘‘काय रे झालं?’’ आणि कुणाकडेच उत्तर नसतं.

उत्तर सोपं आहे. चाचणी झाली ती रिकाम्या गाडीची आणि प्रवास सुरू झाला तो भरलेल्या गाडीचा!

हा आवाज केवळ कटकटीचा नाही. टायरची बाजूची भिंत हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो. ती पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या कडेवर पुन्हा पुन्हा घासली की आतले धागे कमजोर होतात. मे-जूनमध्ये लखनौचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात 302 किलोमीटरच्या आग्रा-लखनौ एक्स्प्रेसवेवर गाडी वेगात असताना तो टायर फुटला तर काय होईल, हे सांगायला नको. मागच्या सीटवर घरची माणसं बसलेली असतात.

आकड्यांची भाषा

टायरवरचे आकडे वाचता आले तर निम्मा घोळ दुकानातच मिटतो. महिंद्रा बोलेरोवर येणारं 215/75 आर 15 हे माप पाहा. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 75 टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर या टायरची एकूण उंची सुमारे 703 मिलिमीटर भरते.

आता मुलाच्या हट्टाखातर त्याच रिमवर 235/75 आर 15 चढवला, तर उंची सुमारे 733 मिलिमीटर होते. म्हणजे वाढ 30 मिलिमीटरची. पण गाडी तेवढी उंच होत नाही. आसाच्या खाली निम्मी वाढ जाते आणि वर निम्मी. जमिनीपासूनची उंची वाढते ती फक्त दीड सेंटिमीटर. उरलेला दीड सेंटिमीटर टायर मडगार्डच्या कमानीच्या जवळ सरकतो. शिवाय रुंदी 20 मिलिमीटरने वाढल्यामुळे आत आणि बाहेर एकेक सेंटिमीटर जागा खाल्ली जाते.

वेगाचा काटाही फसवू लागतो. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. काटा 100 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे 104 च्या वेगाने धावत असते. इंजिन आणि ब्रेक यांच्यावरचा ताण वाढतो तो वेगळाच. म्हणून जाणकार सांगतात, नव्या टायरची एकूण उंची मूळ टायरपेक्षा साधारण 3 टक्क्यांहून जास्त वाढू देऊ नये. वरच्या उदाहरणात ती 4 टक्क्यांच्या वर गेली आहे!

टायर घासतो कुठे?

टायर तीन जागी घासतो. पहिली जागा पुढच्या चाकांची. स्टिअरिंग फुल कट मारलं की टायरची कड बंपरच्या कोपऱ्याला, कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला किंवा आतल्या लोखंडी दांड्यांना लागते. चौकातल्या अरुंद गल्ल्यांत आणि अमीनाबादच्या गर्दीत गाडी वळवायची तर फुल कट पावलोपावली मारावाच लागतो.

दुसरी जागा कमानीची वरची कड. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर स्प्रिंग दबली की चाक वर उचललं जातं आणि कडेला भिडतं. तिसरी जागा मागच्या चाकांची आतली बाजू. गाडी भरलेली असली की टायर स्प्रिंगच्या पाट्यांच्या किंवा बॉडीच्या जवळ येतो.

उपाय, पण क्रमाने

सर्वांत सोपा उपाय म्हणजे हाव कमी करणे. रुबाब हवा असेल तर रिम एक इंचाने मोठी घ्यावी आणि टायरची भिंत थोडी कमी ठेवावी. 215/75 आर 15 ऐवजी 215/70 आर 16 घेतला तर एकूण उंचीत जेमतेम 4 मिलिमीटरचा फरक पडतो. चाक भरदार दिसतं आणि मीटरही फारसा चुकत नाही. मात्र भिंत कमी झाल्याने खड्डे थोडे जास्त जाणवतात.

रिम बदलताना तिचा ऑफसेट विचारावा. गाडीला बोल्टने जोडला जाणारा रिमचा पृष्ठभाग तिच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते हा आकडा सांगतो. ऑफसेट कमी असेल तर चाक बाहेर येतं. मग आत घासणं थांबतं, पण बाहेरची कड लागू शकते आणि बेअरिंगवर भार वाढतो. स्पेसर लावूनही हेच होतं.

टायर फक्त प्लॅस्टिकच्या अस्तराला किंवा चिखलरोधक रबराला किंचित लागत असेल, तर कुशल मिस्त्री ते थोडं सरकवून देतो. काही गाड्यांत स्टिअरिंगचा कट जरासा कमी करता येतो. मग वळायला जागा जास्त लागते. पण पत्रा कापून किंवा ठोकून जागा करू देऊ नये. तिथे गंज धरतो आणि बॉडीची ताकद कमी होते.

स्प्रिंगखाली ठोकळे घालून गाडी उंच करणं हा अनेकांना रामबाण उपाय वाटतो. उभ्या गाडीत जागा वाढलेली दिसतेही. पण मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाक पुन्हा जुन्याच जागी पोहोचतं आणि घासतं. वर गाडीचा तोल उंचावतो आणि वळणावर ती जास्त कलते. हे काम गाडीच्या कंपनीच्या सल्ल्याशिवाय करू नये.

कायदा काय म्हणतो?

नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून आपल्या मॉडेलच्या एखाद्या प्रकारावर कंपनी स्वतः जे माप देते, त्याच्या बाहेर न जाणं उत्तम. हे माप गाडीच्या पुस्तिकेत असतं, बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरही चिकटवलेलं असतं. बदल केलाच तर विमा कंपनीला लेखी कळवावं.

परीक्षा घरच्यांसह

चारही टायरांचे पैसे मोजण्याआधी पुढे एक आणि मागे एक टायर बसवून पाहावा. कमानीच्या आतल्या कडांवर खडूने जाड रेघा ओढाव्यात. मग घरच्या सगळ्यांना गाडीत बसवावं, बॅगाही ठेवाव्यात. दोन्ही बाजूंना फुल कट मारून गाडी सावकाश पुढे आणि मागे घ्यावी. गतिरोधकावरून ती तिरकी न्यावी, म्हणजे एका वेळी एकच चाक उचललं जाईल. नंतर खडू पाहावा. जिथे रेघ पुसली, तिथे टायर लागला. आतल्या बाजूला टायर आणि लोखंड यांच्यामध्ये निदान एक बोट सहज फिरायला हवं.

आणखी थोडी काळजी घ्यावी. टायरवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. 100 हा भारांक म्हणजे एका टायरला 800 किलो. टायरवर छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांवरून त्याचं वय कळतं. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि ती तिच्या जागेत बसते का, ते आधी पाहावं. शेवटी व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावं.

लखनौच्या दोन नवाबांचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. फलाटावर दोघं ‘पहले आप, पहले आप’ करत राहिले आणि आगगाडी निघून गेली! लोक त्यावर हसतात. पण टायर आणि मडगार्ड यांच्यात नेमकी हीच अदब हवी. एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडली तरच प्रवास सुखाचा होतो.

लालबागेतून परीक्षा पास होऊन निघालेली गाडी संध्याकाळी रूमी दरवाजाकडे न्यावी. आसफउद्दौलाच्या काळातली ही भव्य कमान दोन शतकांहून अधिक काळ ताठ उभी आहे. गाडी भरलेली असावी, मागे आजी बसलेली असावी, रस्त्यात दोन-चार गतिरोधक यावेत आणि मागून आवाज यावा तो फक्त मुलांच्या भांडणाचा. तेवढा आला की समजावं, टायर बरोबर बसले!