खड्गाची उलटतपासणी

वकिलीच्या आरंभीच्या दिवसांत आमच्या एका अशिलाविरुद्ध मुद्देमाल म्हणून एक कोयता न्यायालयात हजर झाला होता. साक्षीस आलेल्या डॉक्टरांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले, "अशा हत्याराने अशी जखम होऊ शकते." आम्ही त्या वाक्याला हात लावला नाही. अशील शिक्षा भोगून परत आला. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. ते 'होऊ शकते' मात्र आमच्या मनात अद्यापि सलते.

प्राचीन ग्रीक तलवारींच्या प्रतिकृती घडवून त्यांची परीक्षा घेणाऱ्या संशोधकांविषयी आम्ही वाचू लागलो, ते बहुधा या सलामुळेच. श्लीमानने १८७६ साली मायसीनीच्या थडग्यांतून लांब, निमुळत्या कांस्य तलवारी बाहेर काढल्या. त्यांचे पाते देखणे. पण मुठीत शिरणारा भाग इतका आखूड की सारा भार खिळ्यांवर. तेव्हा ही शस्त्रे केवळ भोसकण्याची, असे विद्वानांनी अनुमान केले. अनुमान चांगलेच होते. पण ते पुरावा नव्हते.

पुराव्यासाठी तलवार पुन्हा करावी लागते. ठिणग्या उडवीत घण घालणे ही लोखंडाची रीत. कांस्याची तलवार ओतीव: सुमारे नऊ भाग तांबे, एक भाग कथील, हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून साच्यात ओतावयाचे. मग थंड झालेली धार हातोडीने ठोकावयाची, म्हणजे ती कठीण होते. ठोके अधिक पडले तर तडकते. म्हणून मध्ये तापवून पुन्हा मऊ करावे लागते. इलियडमध्ये पॅरिसच्या शिरस्त्राणावर मेनेलाउसची तलवार तुकडे होऊन गळून पडते. शस्त्र ऐन वेळी दगा देते, हे कवीस चांगले ठाऊक होते.

बॅरी मोलॉय या पुरातत्त्वज्ञांनी एजियन तलवारींच्या प्रतिकृती चालवून पाहिल्या आणि २००८ साली हात, तोल व हालचाल यांसह त्या शस्त्रांचा विचार मांडला. २०२० साली प्रसिद्ध झालेले संशोधन आणखी एक पाऊल पुढे गेले. त्यातील तलवारी ब्रिटन व इटलीतल्या, परंतु धातू तोच. तलवारबाजांच्या हाती प्रतिकृती देऊन प्रत्येक वाराची नोंद ठेवली गेली; धारेवर पडलेल्या खाचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ११० मूळ तलवारींवरील खुणांशी ताडल्या गेल्या.

आम्हां वकिलांस यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे. नवी तलवार जुन्या तलवारीच्या वतीने फक्त 'होऊ शकते' एवढीच साक्ष देते. हे जाणूनच संशोधक तेथे थांबत नाहीत. मूळ वस्तूच्या अंगावर तीच खूण आहे का, हे ते शोधतात. खूण जुळली तरी त्या वारामागचा हात कोणाचा, हे ठरविण्याचा मोह ते आवरतात.

तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या निनावी योद्ध्याच्या बाबतीत एवढी सावधगिरी! आमचा अशील तर समोर पिंजऱ्यात उभा होता. डॉक्टरांना एवढेच विचारावयाचे होते, "गावातल्या दुसऱ्या एखाद्या कोयत्याने हीच जखम झाली नसती काय?" ते आम्ही विचारले नाही. आणि तो कोयता तर आम्ही हातातही घेऊन पाहिला नव्हता.