रुळांवरचा बाजार

मामा बँकॉकला नोकरीला, म्हणून मला विमान घडले. पण त्या महानगरात जीव गुदमरला. मग मामांनी सुमारे ७० किलोमीटरवरच्या समुत सोंगक्राम प्रांतात नेले. क्षेत्रफळाने थायलंडमधला हा सर्वांत लहान प्रांत. नारळाच्या बागा, मिठागरे, कालवे. आणि मेक्लाँगला भाजीबाजार चक्क रेल्वेच्या रुळांवर! भोंगा वाजला की बायका कापडी छपरे मिटतात, टोपल्या मागे ओढतात. खाली पसरलेली भाजी तशीच राहते, गाडी तिच्यावरून अलगद निघून जाते. लोक फोटो काढीत होते. माझा हात उठेना. आमच्या गावी माझी आई भाजी विकते. ‘पथारी उचला’ असा पुकारा झाला की तीही अशीच टोपल्या ओढते. कॉलेजच्या फॉर्मवर मात्र मी आईचा व्यवसाय ‘घरकाम’ लिहिला आहे.

एका म्हातारीकडून आंबे घेतले. घासाघीस केली नाही.