सहा तासांचा सोयरा

आईच्या दुखण्यात दोन माणसांचं ऋण आमच्यावर झालं. एक मुंबईतल्या इस्पितळाच्या तळघरात काम करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्ट ताई. दुसरा एमिलियो सेग्रे, इटलीतला भौतिकशास्त्रज्ञ.

अँजिओग्राफीत आईच्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद दिसली होती. स्टेंट घालावा की गोळ्यांवर भागवावं, डॉक्टरांचं एकमत होईना. वाहिनी किती चिंचोळी झाली हे अँजिओग्राफीत दिसतं. पुढच्या स्नायूची उपासमार होते आहे का, हे त्यावरून दर वेळी ठरत नाही. म्हणून ‘थॅलियम टेस्ट’ करायला सांगितली. आता तिच्यात बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य वापरतात.

गुडघ्यांमुळे आईला ट्रेडमिल झेपणार नव्हती. तेव्हा हृदयाच्या वाहिन्या रुंदावणारं औषध शिरेतून द्यायचं ठरलं. त्याला कॅफीन आडवं येतं, म्हणून आदल्या दिवसापासून चहा बंद. आई भेदरलेली होती. ताई म्हणाल्या, “काकू, छाती जड होईल, धाप लागेल, पण लगेच उतरेल. माझा हात धरा.” मग टेक्नेशियमही शिरेत गेलं, तरी त्यांनी हात सोडला नाही. किरणोत्सर्गी औषध दिलेल्या पेशंटपासून या लोकांनी होईल तेवढं लांब राहायचं असतं, हे मला नंतर कळलं.

ते औषध रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूंत शिरतं आणि तिथेच टिकतं; रक्त जास्त तिथे जास्त, कमी तिथे कमी. गामा कॅमेरा छातीभोवती फिरून त्याचे किरण टिपतो. एकदा ताणाखाली, एकदा विश्रांतीत. ताणाखाली फिका पडलेला भाग विश्रांतीत भरून आला, तर तिथे गरजेच्या वेळी रक्त कमी पडतंय. दोन्हीकडे फिकाच राहिला, तर बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. आईची दोन्ही चित्रं सारखीच भरलेली निघाली. गोळ्यांवर भागलं.

हे टेक्नेशियम सहा तासांत निम्मं होतं, साठवून ठेवता येत नाही. मोलिब्डेनमच्या जनरेटरमधून ते रोज सकाळी सलाईनने काढून घेतात. त्या खात्यातले लोक गाईचं दूध काढल्यासारखंच बोलतात त्याबद्दल. मूलद्रव्य सापडलं 1937 मध्ये, सिसिलीतल्या पालेर्मोत. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधला मोलिब्डेनमचा पत्रा तिथल्या लॉरेन्सने टपालाने पाठवला होता, त्यात सेग्रे आणि त्याचा सहकारी पेरिएर यांना ते मिळालं. 1938 मध्ये सेग्रे बर्कलीला गेलेला असताना मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि त्याचे परतीचे दोर कापले गेले. तिथेच, त्याच वर्षी, रसायनशास्त्रज्ञ सीबॉर्गबरोबर त्याने टेक्नेशियमचं नेमकं ते रूप शोधलं, जे पुढे आईच्या शिरेत गेलं. देशाला नको झालेल्या माणसाचं हे देणं.

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “त्याची आई?” मी वाचलं होतं. 1943 मध्ये नाझींनी तिला पकडून नेलं. ती परत आली नाही. आईला तिचं नाव हवं होतं. अमेलिया.

त्या वर्षी सर्वपित्रीला आईने आमच्या पितरांच्या पानांशेजारी अमेलियाच्या नावाने एक पान वाढलं. गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा ती म्हणाली, “माझंच लावा.”